तेल घातलेले ब्रेक आणि जयगडचा उतार

रत्नागिरीहून मी सायकलने जयगडला निघालो, त्या पहाटे सासुरवाडीची सगळी माणसे अंगणात जमली होती. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. मी गहिवरून दोन शब्द बोलणार, तेवढ्यात लक्षात आले की माझ्याकडे कुणी बघतच नाही. सगळे सायकलकडे बघत होते.

सायकल आमच्या मेहुण्यांची, म्हणजे पत्नीच्या थोरल्या भावाची. त्यांना सगळे नाना म्हणतात. आम्ही तिघे, मी, पत्नी आणि मुलगी कुसुम, साताऱ्याहून दिवाळीसाठी त्यांच्याकडे आलो होतो. भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला गेले, भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन पाय भिजवून झाले आणि मग मला उगाचच वाटू लागले की आपण आता काहीतरी पुरुषार्थ करावा. जयगडचा किल्ला बघावा, दीपगृह बघावे, एक रात्र तिकडे काढावी आणि परत येऊन चारचौघांत सांगत बसावे. नानांनी सायकल दिली, पण एखाद्याला जामीन राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

"हा पंप, हा पाना, ही जादा ट्यूब," ते म्हणाले. "आणि चाक काढायची वेळ आलीच, तर आधी ब्रेक सोडवा. नुसते नट सोडून चाक ओढत बसू नका. ब्रेक त्याला आतून धरून असतो."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"आणि उतार आला की उतरून चालायचं," पत्नी म्हणाली.

"चालेन."

"चढावर तर चालालच. मग सायकल नेताय कशाला?"

मी घंटी वाजवली आणि निघालो.

हातखंब्याच्या चढाने पत्नीचे म्हणणे खरे केले. पण त्या सकाळबद्दल तक्रार करीन तर माझी जीभ झडेल. भात कापून झाले होते आणि मळ्यांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. वरती सडा (कातळाचे उघडे पठार) लागला की डोंगर संपल्यासारखे वाटे आणि नुसते आभाळ सुरू होई. काळ्या कातळावर गुडघाभर गवत पिकून पिवळे झाले होते, आणि वारा आला की सगळा सडा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळे. मी दर थोड्या वेळाने उतरून उभा राहत होतो. लोकांना वाटत असेल दम लागला. तोही लागलाच होता.

निवळीच्या तिठ्यावर चहाच्या दुकानात टेकलो. समोर रत्नागिरीहून सावर्ड्याच्या बाजाराला निघालेली एक लॉरी थांबली आणि तिच्यातून एक गृहस्थ उतरले. पन्नाशीच्या आसपासचे, काटकुळे, अंगात जाड निळा सदरा, खाली लुंगी, खांद्यावर बोचके. नवे कोरे बूट लेसने एकत्र बांधून गळ्यात अडकवलेले आणि पाय अनवाणी.

"जयगडची गाडी गेली काय?" त्यांनी दुकानदाराला विचारले.

"गेली की. आता सांजेला."

"सांजेला जाऊन काय करू? रिकामा दर्या बघू?"

ते माझ्यासमोर बाकावर बसले. चहा आला, पण त्यांचे लक्ष चहाकडे नव्हते. ते उन्हाकडे बघत होते.

"घरी काही दुखणंखुपणं आहे का?" मी विचारले.

"नाय मास्तर, सगळी बरी हायत." कोट, टोपी आणि चष्मा असला की कोकणात माणूस मास्तर होतो. मी कचेरीत कारकून आहे हे मी आल्यापासून पाच-सहा जणांना सांगून बघितले होते. आता सांगणे सोडून दिले होते. "माझा यासीन आज पयल्यांदा गलबतावर जातोय. मलबारला, कौलं आणायला. दुपारी सुकती (ओहोटी) लागली की गलबत सुटलं. तीन वर्सं झाली, पोराचं तोंड बघितलं नाय."

त्यांचे नाव हसनभाई. आगबोटीच्या इंजिनघरात ते तेलवाले होते. यंत्राचा जो जो भाग हलतो त्याला दिवसरात्र तेल पाजायचे, हे काम. बोट मुंबईला लागली, सुट्टी मिळाली, आणि कुणाच्या तरी तोंडून कळले की पोरगा दर्यावर निघालाय. त्यांनी तडक रत्नागिरीची आगबोट धरली. वाटेत ती जयगडला थांबते.

"मग जयगडलाच का नाही उतरलात?"

हसनभाईंनी चहाचा घोट घेतला. "झोप लागली."

"बोट थांबल्यावरही?"

"उभा जन्म इंजिनाशेजारी गेला, मास्तर. इंजिन चालू असलं की मला झोप, बंद झालं की जाग. जयगडला त्यांनी इंजिन बंद केलंच नसणार. रत्नागिरीस बंद झालं, तवा डोळा उघडला." ते हसले, पण हसू पुरते चेहऱ्यावर आले नाही. "पोरगा मलबारसून परत येईल तवा मी बोटीवर. मग आणिक तीन वर्सं."

मी म्हणालो, "मी जयगडलाच चाललोय."

त्यांनी सायकलकडे बघितले, मग माझ्याकडे, मग पुन्हा सायकलकडे.

"तुमी चालवणार?"

"हो."

"दोघांना?"

"दोघांना."

"अल्ला मालिक," हसनभाई म्हणाले, आणि कॅरिअरवर बसले.

आमचा कारभार असा ठरला: चढावर दोघांनी चालायचे, सपाटीवर मी पेडल मारायचे, आणि उतारावर पुन्हा दोघांनी चालायचे. शेवटचे कलम माझे.

"उतारावर कशाला उतरायचं?" पहिल्याच उतारावर ते म्हणाले. "हितं तर फुकट जाईल ती."

"पडलो तर तुमचं गलबतही जाईल."

ते उतरले, पण असे झपाझप चालू लागले की सायकल हातात धरून मला त्यांच्यामागे धावावे लागले. मधूनमधून ते सूर्याकडे बघत. मी खिशातले घड्याळ काढून वेळ सांगू लागलो की हाताने गप्प करत. "घड्याळ आगगाडीला. दर्याला चांद. भाऊबीज काल झाली, म्हंजे आज दिवस कलला की सुकती." पत्नीने बांधून दिलेल्या चकल्या मी त्यांना दिल्या. त्या त्यांनी चालताचालता खाल्ल्या. "तुमची मंडळी चांगली हाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आमचीपण चांगली हाय. पण तिनं खत धाडलं नाय की पोरगा चालला. मी आडवा येईन म्हणून."

"आला असतात?"

"आलो असतो," ते म्हणाले.

जाकादेवी गाव मागे टाकले आणि पुढचे चाक बसले. बघतो तर व्हॉल्व्हच्या मुळाशीच ट्यूब फाटली होती. तिथे ठिगळ बसत नाही, ट्यूबच बदलायला हवी, आणि त्यासाठी चाक काढायला हवे. मी कोट काढून फांदीला अडकवला, पाना घेतला, दोन्ही नट सोडले आणि चाक ओढले.

चाक येईना. हिसका दिला. सायकल आली, चाक नाही आले. हसनभाईंनी हँडल धरले, मी पायाने रेटा दिला आणि उताणा पडलो.

"धरलंय त्याला कुणी," हसनभाई खाली वाकून म्हणाले.

तेव्हा कुठे नाना आठवले. या सायकलींचे ब्रेक दांडीचे असतात. हँडलपासून एक दांडी खाली येते. तिच्या टोकाला लोखंडाची कमान, आणि कमानीच्या दोन टोकांना रबराचे दोन गुटके. ते रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या दोन बाजूंना बसतात. ब्रेक दाबला की कमान वर उचलली जाते आणि गुटके रिमला आतून घासतात. म्हणजे चाक खाली ओढावे तर ते गुटक्यांवरच येऊन बसते. दांडीचा नट सैल करून कमान खाली सोडायची, फोर्काला (चाक धरणाऱ्या दुशाखी नळीला) धरणाऱ्या तिच्या पकडी ढिल्या करायच्या, मग चाक सुटते. एवढे साधे. नानांनी ते सांगितले तेव्हा मी मान डोलावत होतो.

नट सैल केला आणि चाक असे अलगद हातात आले की मलाच लाज वाटली. ट्यूब बदलली, हवा भरली, चाक बसवले. आता कमान परत वर आणून बेताने आवळायची. गुटके रिमपासून एवढे दूर हवेत की मधून जाड कागद जावा, आणि दोन्ही बाजूंना सारखे. मी आवळले तर चाकच फिरेना. सैल केले तर कमान लोंबू लागली. पुन्हा आवळले तर डावा गुटका बरोबर बसला आणि उजवा रिमला घासू लागला. चाक फिरले की "कुईंऽऽ", आणि फिरत राहिले की "कुईं, कुईं, कुईं."

हसनभाईंचा चेहरा असा झाला जसा कुणी त्यांच्यासमोर लेकराला चिमटा काढतोय.

"तेल मागतंय," ते म्हणाले.

बोचक्यातून त्यांनी पितळेची लांब चोचीची बुधली काढली. न्हावी वस्तरा बाळगतो तशी ती त्यांच्याजवळ असायची. त्यांनी गुटक्यांवर तेल सोडले, रिमवर सोडले, चिंधीने रिमभर आतून फिरवले. मग मागच्या चाकाला. "एकाला पाजलं आणि दुसऱ्याला नाय, असं करू नये." पुन्हा चाक फिरवले. आवाज बंद. चाक फिरत राहिले, फिरत राहिले, आणि आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो.

आता सांगायला हरकत नाही. मी तिथे चष्मा लावून उभा होतो. मॅट्रिकला मला शास्त्रात बरे गुण होते. आणि माझ्या मनात एवढेच आले की, वा, हे नानांनाही कधी सुचले नसेल.

 ऊन माथ्यावर आले आणि पुढे सरकू लागले.  हसनभाई कॅरिअरवर पुढे वाकून बसत, जसे काही वाकल्याने सायकल लवकर पोचेल. मधले उतार आम्ही चालत उतरलो, म्हणून ब्रेक दाबायची वेळच आली नाही. शेवटचा सडा लागला. वारा समोरून आला आणि त्याला खारा वास होता.

आणि मग समुद्र दिसला.

आदल्या दिवशी भाट्याला मी समुद्र बघितला होता. तो पायाशी होता. हा वेगळा. आम्ही घाटावरची माणसे. आमच्याकडे पाणी नेहमी वाकून बघायचे असते, विहिरीत, आडात, नदीच्या डोहात. इथे पाणी समोर उभे होते. आभाळाच्या निम्म्या उंचीपर्यंत चढून गेलेली निळी भिंत, आणि ती कुणी उभी केली, ती अंगावर कशी कोसळत नाही, हेच मला कळेना. डाव्या हाताला किल्ल्याचे काळे बुरूज त्या निळ्यात शिरले होते. उजवीकडून खाडी येत होती, रुंद, चकाकती, आणि तिच्या तोंडाशी एक गलबत. त्याचे शीड वर चढत होते. मोठे, पांढरे, अजून वारा न भरलेले.

"तेच," हसनभाई माझ्या कानाशी म्हणाले. "तेच ते. नांगर उचलला त्यांनी."

मी ते बघत होतो. उतार सुरू झाला होता, आणि मी उतरायचे विसरलो.

लक्षात आले तेव्हा झाडे भराभर मागे जाऊ लागली होती. मी ब्रेक दाबला. काही झाले नाही. दोन्ही हातांनी दाबला. रिमवरून गुटके असे फिरले जसा लोण्यावरून हात फिरावा. तुमच्यापैकी कुणी कधी ब्रेक दाबला असेल आणि सायकल उलट आनंदाने पुढे गेली असेल, तर त्यालाच माझी गत कळेल.

"हसनभाई! ब्रेक लागत नाही!"

"लावू नका!" हसनभाई ओरडले.

पहिल्या वळणावर मी डोळे मिटले. दुसऱ्यावर उघडले, कारण मिटून काही उपयोग झाला नव्हता. टोपी गेली. समुद्र झाडांमागे जात होता आणि पुन्हा येत होता, आणि दर वेळी जवळ येत होता. मी कसलातरी आवाज काढत होतो. घरे आली, कोंबड्या उडाल्या, एक बाई हंडा घेऊन भिंतीला चिकटली, "मेल्यांनू!" असे काहीतरी ऐकू आले. बाजाराची गल्ली, जाळ्यांचे ढीग, माणसे, पुन्हा माणसे, आणि मग सायकल पुळणीत (समुद्रकाठच्या वाळूत) शिरली. दोन हात गेली, रुतली आणि आडवी झाली. मी तिच्याखाली होतो. हसनभाई कॅरिअरवरून कधी उडी मारून गेले ते मला दिसलेही नाही.

मी डोके वर काढले तेव्हा ते कमरेइतक्या पाण्यात होते. बूट अजून गळ्यात. गलबत हाकेच्या अंतरावरून चालले होते. सुकतीने त्याला धरले होते, ते आता थांबणार नव्हते.

"यासीन! ए यासीन!"

गलबतावरचे सगळे खलाशी वळले. नाळेवर (पुढच्या टोकावर) एक बारीक चणीचा पोरगा दोर गुंडाळत होता. हसनभाईंनी त्याच्याकडे बघून हात उंच केला आणि जोराने हलवू लागले.

"अब्बा?"

आवाज त्या पोराचा नव्हता. तो मागून आला, डोलकाठीपासून; जाड, पुरुषी आवाज. तिथे एक उंच, रुंद खांद्यांचा तरुण उभा होता. ओठांवर मिशीची रेघ.

हसनभाईंचा वर गेलेला हात तसाच थांबला. मी त्यांच्या पाठीमागे होतो, चेहरा मला दिसत नव्हता. दिसला तो फक्त हात. तो हळूहळू, अगदी हळूहळू, त्या बारक्या पोरावरून उंच तरुणाकडे वळला.

मला वाटले आता ते काही मोठे बोलतील. दुवा देतील. गलबत पुढे सरकत होते.

"डोक्याला काय बांध!" हसनभाई ओरडले. "ऊन लागल!"

त्या मुलाने खांद्यावरचा पंचा घेतला आणि डोक्याला गुंडाळला. "कवा आलाव?"

"आता! सायकलनं!"

सगळे गलबत हसले. सुकाणूवरच्या तांडेलाने हात छातीवर ठेवून मान लववली. मग गलबत टोकापलीकडे गेले, आणि तिथे त्याला वारा मिळाला. त्या शिडाचा आवाज मी ऐकला. एवढे मोठे कापड एका दमात भरते तेव्हा होणारा तो आवाज आयुष्यात मी पहिल्यांदा ऐकला. एक माणूस तीन वर्षांनी आपल्या मुलाला भेटतो, भेट पाचपन्नास श्वासांची होते, आणि तेवढ्यात ते लाकूड आणि कापड त्याला उचलून त्या उभ्या निळ्या भिंतीत घेऊन जाते. किनाऱ्यावर कुणी रडत नव्हते. बायका हात डोळ्यांवर धरून बघत होत्या आणि पोरांना ओरडत होत्या.

त्यांतली एक पुढे आली. ओढणी डोक्यावरून घेतलेली, पायात चांदीचे वाळे. ती पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि हसनभाई वळून बाहेर येईपर्यंत थांबली.

"माझ्या अंगावरनं गेलाव," ती म्हणाली. "मी म्हटलं, हे कोण बोंबलत येतंय."

"मी नाय, मास्तर बोंबलत होते."

"पोराला वळखलाव. उशिरा का होईना, वळखलाव. आता बायकोला बगा जमतंय काय."

हसनभाईंनी तिच्याकडे बघितले. लुंगीतून पाणी गळत होते. "म्हातारी झालीस."

"बोटीवर आरसा नसतो वाटतं," ती म्हणाली, आणि त्यांच्या गळ्यातले बूट काढून आपल्या हातात घेतले.

रात्री मी त्यांच्याच घरी राहिलो. मासे खात नाही म्हटल्यावर शेजारपाजारच्या दोन बायका मला बघून गेल्या. मग ताटात घावन (तांदळाच्या पिठाचे जाळीदार धिरडे) आले आणि गूळ घातलेला नारळाचा दाट रस. मी किती खाल्ले ते सांगणार नाही.

सायकल वाळूतून बाहेर काढली तेव्हा तिचे ब्रेक बघून हसनभाईंच्या बायकोने चुलीतली राख आणली. "तेलकट भांडं राखेनं घासायचं, हे पुरुषांना कुणी शिकवत नाय काय?" मी राखेने आणि गरम पाण्याने रिम घासली, गुटके घासले, पुन्हा घासले. मग हसनभाई एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने वाकून कमान सारखी केली. ते डोळा लावून "जरा वर, जरा वर" म्हणायचे आणि मी नट आवळायचा. ब्रेक लागला. चाक जागच्या जागी थांबले आणि "कुईं" झाले.

"म्हंजे याला तेल नको?" हसनभाईंनी विचारले.

"नको."

"मग ते घासतंय ना."

"घासण्यासाठीच असतं ते."

त्यांनी त्या गुटक्यावरून बोट फिरवले. "इंजिनघरात असा एकपण भाग नाय," ते म्हणाले.

सकाळी मी तो उतार चढून गेलो, अर्थात चालत. वर पोचायला इतका वेळ लागला की मला घाम फुटला, आणि तो चढाचा नव्हता. ब्रेक लागले असते तर मी तो उतार शहाण्यासारखा चालत उतरलो असतो. खाली पोचलो असतो तेव्हा पुळणीवर गलबत सुटल्याची चर्चा चालली असती. माथ्यावर मी उभा राहिलो. समुद्र तसाच उभा होता. एकही शीड नव्हते. तरी मी बघत राहिलो.

रत्नागिरीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नाना अंगणातच होते. त्यांनी आधी पुढचा ब्रेक दाबून बघितला, मग मागचा, मग मला विचारले, "किल्ला कसा वाटला?"

किल्ला. मी किल्ल्यात गेलोच नव्हतो. दीपगृहही राहिले होते.

"मोठा आहे," मी म्हणालो.

माझ्या आवाजाने आमची कुसुम दाराशी आली. यंदा ती सातवीत गेली. केस विंचरताविंचरता तशीच आली होती, एक वेणी घातलेली, एक सुटी. तिने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मी पायरीवरच थांबलो.

"बाबा, असं काय बघताय? कालच तर गेला होतात."

"काही नाही," मी म्हटले. "जरा उभी राहा तिथेच."